सायकलच्या चाकातून येणारे आवाज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा सरत आला की पुण्यातल्या आमच्या राइड ग्रुपवर रोज कुणीतरी एक रेकॉर्डिंग टाकतं, ऐका जरा, हा कसला आवाज? आणि खाली दहा जण दहा उत्तरं देतात, त्यातली नऊ "तेल टाक" अशी असतात. म्हणून सगळे प्रश्न एकत्र केलेत. माझं म्हणणं सगळीकडे एकच आहे, आवाज कसा आहे यापेक्षा तो कधी येतो हे आधी बघा, आणि सापडल्याशिवाय काही बदलू नका, काही ओतू नका.

आवाज चाकातूनच येतोय हे कसं ओळखायचं?

कानावर फार विसंबू नका. फ्रेमच्या नळ्या पोकळ असतात, मागच्या चाकातली टिकटिक थेट पायाखालून आल्यासारखी वाटते आणि सीटपोस्टची कुरकुर मागच्या हबमधून (चाकाच्या मधल्या गाभ्यातून). त्यापेक्षा ताल मोजा. ७०० सी मापाच्या (रोड आणि हायब्रिड सायकलींच्या नेहमीच्या) चाकाचा घेर टायर धरून साधारण २.१ मीटर असतो, म्हणजे ताशी २० किमीला चाक सेकंदाला अडीचपेक्षा थोड्या जास्त फेऱ्या मारतं. पाय मिनिटाला ६० ते ९० वेळा फिरतात, म्हणजे सेकंदाला एक ते दीड. आवाज पायांच्या तालात असेल तर पेडल, क्रँक (पेडलचा दांडा), बॉटम ब्रॅकेट (क्रँकचं फ्रेममधलं बेअरिंग) बघा, पायांपेक्षा जलद असेल तर चाक.

खात्री करायला सपाट रस्त्यावर वेग तोच ठेवून गिअर बदला. पाय हळू झाले पण टिकटिक त्याच वेगाने चालू राहिली, तर ती चाकाची. मग पेडल मारणं थांबवा. आवाज चालूच असेल तर टायर, हब, रिम किंवा ब्रेक. थांबला तर दोष जोर लागणाऱ्या भागात आहे, पण इथे लोक घाई करतात आणि चाकाला सोडून देतात, कारण मागचे स्पोक, कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) आणि चाक जिथे फ्रेममध्ये बसतं ती जागा, हे तिन्ही भाग फक्त जोर लागला की बोलतात. शेवटी चालता चालता ब्रेक अगदी हलका दाबून बघा, आवाज बदलला किंवा बंद झाला तर रोटर (डिस्क ब्रेकची चकती) नाहीतर रिमकडे लक्ष द्या.

घरी तपासायला सुरुवात कुठून करू? माझ्याकडे वर्कस्टँड नाही.

सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी केली तरी चालतं, खाली जुनी चादर टाका आणि हँडलवरचा लाइट, काँप्युटर काढून ठेवा. चाक हाताने फिरवा आणि ब्रेकरबर किंवा डिस्कचा पॅड यांच्यातल्या फटीकडे बघत राहा, रिम डावीउजवीकडे नाचते का ते दिसतं. मग टायर वरून पकडून आडवं हलवा. कट्कट् असा ढिलेपणा हाताला लागला तर हबचे कोन (छर्रे जागेवर धरणारे शंकूसारखे नट) ढिले आहेत किंवा एक्सल (चाकाचा आस) नीट आवळलेला नाही. मग प्रत्येक स्पोक बोटात धरून बघायचा, एखादा लुळा असेल तर लगेच कळतो. एवढ्या पाच मिनिटांत बरेच आवाज सापडतात, हत्याराची गरजसुद्धा पडत नाही.

दर फेरीला बरोब्बर एक टिक येते. पेडल मारा, नका मारू, येतेच.

ही सगळ्यात सोपी केस. आधी टायर बघा, रबरात अडकलेला खडीचा तुकडा रस्त्यावर टेकला की टिक वाजतो, मडगार्ड असेल तर तिथेही घासतो. स्क्रूड्रायव्हरने उचकटून काढा, पण काढताना तो आत किती गेलाय ते बघा, काचेचा असेल आणि खोल असेल तर पंक्चरची तयारी ठेवून काढा. खडा नसेल तर व्हॉल्व्ह. प्रेस्टा व्हॉल्व्हचा (बारीक, लांब व्हॉल्व्हचा) रिमपाशी असलेला छोटा गोल नट ढिला झाला की व्हॉल्व्हची दांडी रिमच्या भोकात आपटते. नट बोटाने घट्ट करा, पाना लावू नका. तरी वाजत असेल तर भोकापाशी दांडीभोवती इन्सुलेशन टेपचा एक वेढा द्या.

याशिवाय स्पोकवरचा रिफ्लेक्टर, स्पीडोमीटरचं मॅग्नेट सरकून सेन्सरला लागणं, मागच्या स्पोक आणि कॅसेटच्या मधली प्लॅस्टिकची तबकडी तडकून हलणं, आणि ब्रेकची किंवा सेन्सरची वायर हळूच स्पोकला लागणं. हे सगळं बोटाने हलवून कळतं.

सायकल हळू ढकलताना रिममध्ये काहीतरी खुळखुळतं, वेगात गेलं की बंद. हे काय आहे?

दुहेरी भिंतीच्या रिममध्ये आत पोकळी असते, तिथे काहीतरी सुटं पडलंय. बहुतेक वेळा तुटलेल्या निपलचा (स्पोक रिमला आवळणाऱ्या छोट्या नटाचा) तुकडा किंवा रिम बनवतानाचा धातूचा कीस. वेग वाढला की तो तुकडा बाहेरच्या भिंतीला चिकटून बसतो म्हणून आवाज थांबतो. टायर, ट्यूब, रिमटेप काढा आणि चाक हलवत हलवत तुकडा स्पोकच्या नाहीतर व्हॉल्व्हच्या भोकातून बाहेर पाडा. चिकाटीचं काम आहे, पण निपलचा तुकडा निघाला तर मात्र तो कुठल्या स्पोकचा ते शोधलंच पाहिजे. ट्यूबलेसवाल्यांना हाच आवाज टायरमध्ये सुकलेल्या सीलंटच्या (पंक्चर बुजवणाऱ्या द्रवाच्या) गोळ्यांचा येतो, गोळे काढून टाका आणि ताजं सीलंट भरा.

चढावर उभं राहून पेडल मारलं की मागून करकर येते. सपाटीला काहीच नाही.

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते या प्रश्नावर. आमच्या ग्रुपमधल्या एकीची हायब्रिड सायकल सिंहगडच्या चढावर दर पेडलला करकरायची, एका दुकानात बॉटम ब्रॅकेट बदलून दिला, करकर जशीच्या तशी. मग आम्ही मागचं चाक काढलं. ड्रॉपआउटच्या (एक्सल बसतो त्या फ्रेमच्या खाचेच्या) आतल्या बाजूला, जिथे एक्सलचा नट टेकतो, तिथे सुकलेल्या तांबड्या चिखलाचा नखाने निघेल असा पापुद्रा होता आणि क्विक रिलीजची (दांडी वळवून चाक आवळायच्या-सोडायच्या व्यवस्थेची) खटकी जिथे फिरते तिथे गंज धरला होता. दोन्ही जागा फडक्याने पुसल्या, ग्रीसचं नुसतं बोट फिरवलं, चाक परत लावलं, करकर गेली.

म्हणून क्रम असा ठेवा, आधी चाक जिथे फ्रेमला भेटतं ती जागा. दोन्ही ड्रॉपआउट, एक्सलची टोकं, क्विक रिलीज किंवा थ्रू एक्सलचे (आरपार जाऊन फ्रेममध्ये आवळला जाणाऱ्या एक्सलचे) आटे, सगळं पुसून पातळ ग्रीस. चाक लावताना सायकल जमिनीवर सरळ उभी असू द्या म्हणजे एक्सल पूर्ण आत बसतो. क्विक रिलीजची दांडी अर्ध्यात, म्हणजे सरळ बाहेर काढलेली असतानाच जड लागायला सुरुवात झाली पाहिजे आणि बंद केल्यावर तळहातावर तिचा ठसा उमटला पाहिजे. दांडीला धरून नटासारखं गोल गोल फिरवून आवळणारे लोक मी अजून बघते, तसं करू नका, ते चाक उतारावर सुटू शकतं.

मग स्पोक. दोन स्पोक जिथे एकमेकांवरून जातात तिथे ते कोरडे असले की एकमेकांवर घासून टिक टिक करतात. शेजारशेजारच्या जोड्या मुठीत धरून दाबत पूर्ण चाक फिरा, तोच आवाज हातात आला तर सापडलं. प्रत्येक क्रॉसिंगवर तेलाचा बारीक थेंब द्या आणि जास्तीचं लगेच पुसा. डिस्क ब्रेक असेल तर थेंब बाटलीतून नको, काडीच्या टोकाने, आणि रोटरवर आधी फडकं गुंडाळा. ही टिकटिक परत परत येत असेल तर स्पोक ढिले आहेत, तेलाने भागणार नाही, चाकाला ताण द्यावा लागेल.

तिसरी जागा म्हणजे कॅसेट. हाताने दातेरी चकत्या हलवून बघा, हलत असतील तर लॉकरिंग (कॅसेट धरून ठेवणारी बाहेरची कडी) ढिली आहे. शिमानोच्या लॉकरिंगवर ४० न्यूटन मीटर लिहिलेलं असतं, तो बऱ्यापैकी जोर आहे, लॉकरिंगचं टूल आणि लांब पाना लागतो. कॅसेट काढलीच तर फ्रीहबच्या (कॅसेट ज्यावर बसते त्या हबच्या भागाच्या) खाचा पुसून तिथेही ग्रीस लावून टाका.

नवीन चाक घेतलं, पहिल्याच राइडला टण्ण टण्ण वाजलं. फसवलं का मला?

नाही. स्पोक आवळताना निपलबरोबर स्पोकलाही थोडा पीळ बसतो आणि पहिल्यांदा वजन पडलं की तो पीळ सुटताना असा आवाज येतो. पहिल्या काही किलोमीटरात तो थांबायला हवा. नंतर चाक एकदा दुकानात दाखवून त्यात आऊट (रिमचं डावीउजवीकडे डुलणं) आलाय का ते बघून घ्या. थांबलाच नाही तर ताण असमान आहे.

पेडल थांबवलं की मागून टकटकटक येतं. दुरुस्त करायचं का?

तो फ्रीहबच्या आतल्या खटक्यांचा आवाज आहे, स्प्रिंगवरच्या छोट्या जिभा दात्यांवरून उड्या मारत जातात. काही हब मोठ्याने वाजतात, काही जवळपास मुके असतात, दोन्ही ठीक. लक्ष द्यायचं ते आवाज बदलला तर. एकदम दबका झाला, किंवा पेडल मारताना मध्येच पाय रिकामा गेल्यासारखा वाटला, तर आतलं ग्रीस घट्ट होऊन जिभा चिकटल्यात. ट्रॅफिकमध्ये उभं राहून जोर दिला आणि पाय सुटला तर तोंडावर पडाल, तेव्हा हे पुढच्या आठवड्यावर ढकलू नका, उघडून साफ करून घ्या. तिथे जाड बेअरिंगचं ग्रीस भरू नका, जिभा त्यानेच चिकटतात, पातळ ग्रीस किंवा तेल लागतं.

चाकातून घुरघुर येते आणि हँडलला बारीक थरथर जाणवते.

हब. चाक काढा, एक्सल दोन बोटांत धरून हळू फिरवा. वाळूवरून फिरल्यासारखं लागलं तर आत घाण गेलीय, खाचा लागल्या तर कोन किंवा कप (हबमधली छर्रे पळतात ती वाटी) खराब झालाय. कोन-कपच्या हबमध्ये सुटे छर्रे असतात, पुढच्या चाकात बहुतेक दर बाजूला १० आणि आकार ३/१६ इंच, मागच्या चाकात दर बाजूला ९ आणि आकार १/४ इंच. तुमच्या हबमध्ये वेगळे असू शकतात म्हणून उघडताना मोजून वाटीत ठेवा आणि एका बाजूचे दुसऱ्या बाजूत मिसळू नका.

पुढचं चाक घरी जमण्यासारखं आहे. १३ नंबरचा पातळ कोनपाना लागतो, काही हबना १४ किंवा १५. साधा पाना जाड असतो, तो कोनवर बसतच नाही आणि जबरदस्तीने बसवला तर कोनाच्या कडा गोल करतो. एका बाजूचा लॉकनट आणि कोन काढा, एक्सल दुसऱ्या बाजूने ओढा, छर्रे रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये धुवा आणि फडक्यावर कोरडे करा. आता कोन उजेडात तिरपा धरून बघा. छर्रे जिथून पळतात तिथे चकचकीत पट्टा असतो, तो अखंड असेल तर छान, पण त्यात पिनेच्या टोकाएवढा जरी खड्डा दिसला तरी तो कोन गेला, कितीही ग्रीस भरा, घुरघुर परत येणार. कोन आणि छर्रे बदलता येतात. कप मात्र बऱ्याच हबमध्ये बदलता येत नाही, म्हणूनच घुरघुर ऐकू आल्यावर महिनोन्‌महिने चालवू नका.

परत बसवताना कपात ग्रीस भरपूर भरा, छर्रे त्यात चिकटून बसतात. कोन आवळताना क्विक रिलीजच्या चाकात अगदी किंचित ढिलाई ठेवायची, कारण दांडी आवळली की एक्सल जरासा दाबला जातो आणि ती ढिलाई नाहीशी होते. इथे लोक चाक हातात असताना एकदम परफेक्ट आवळतात आणि सायकलला लावल्यावर ते जड फिरतं, बेअरिंग लवकर जातं. नटवाल्या जाड एक्सलला ही भानगड नाही.

छर्रे चाकाच्याच वेगाने फिरत नाहीत, ते मागे मागे पडत फिरतात, त्यामुळे एखादा छर्रा तडकला असेल तर आवाज फेरीच्या तालात बसत नाही. "कधी येतो, कधी नाही, तालच सापडत नाही" असं कुणी सांगितलं की मी आधी हबच उघडायला सांगते.

माझ्या हबमध्ये सील्ड बेअरिंग आहे, मग?

ते उघडून ग्रीस भरण्यापेक्षा बदलणं बरं. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, तोच नंबर घेऊन हार्डवेअरच्या नाहीतर बेअरिंगच्या दुकानात जा, बऱ्याचदा तिथे मिळून जातं. ठोकून बसवताना जोर फक्त बाहेरच्या कड्यावर पडला पाहिजे, आतल्यावर ठोकलं तर नवं बेअरिंग तिथेच खराब होतं.

डिस्क ब्रेक चिं चिं घासतो, ब्रेक न दाबताही.

चाक काढून परत नीट लावा, निम्म्या वेळा एवढ्यानेच थांबतं. नाही थांबलं तर कॅलिपरचे (पॅड धरणाऱ्या भागाचे) दोन बोल्ट थोडे ढिले करा, ब्रेक दाबून धरा, धरलेला असतानाच दोन्ही बोल्ट आळीपाळीने आवळा. एवढं करून दर फेरीला एकाच जागी घासत असेल तर रोटर वाकडा आहे. पांढरा कागद मागे धरून फटीतून बघा, कुठे लागतो ते दिसतं, तिथे स्वच्छ फडक्यात धरून हळूच उलट बाजूला दाबायचं, थोडं थोडं. रोटर तापलेला असताना हात लावू नका, घाट उतरून आल्यावर तो भाजतो.

रोटरचे सहा बोल्टही तपासा, टी-२५ची (ताऱ्याच्या आकाराच्या टोकाची) चावी लागते. एखादा ढिला असेल तर ब्रेक दाबताना कट् असा आवाज येतो. हायड्रॉलिक असेल तर चाक बाहेर असताना ब्रेक दाबू नका, पिस्टन पुढे येऊन बसतात आणि मग चाकच आत जात नाही.

डिस्क ब्रेक दाबला की किंचाळतो, सगळी सोसायटी बघते.

पावसात ओला झाला असेल तर चार-दोन वेळा दाबल्यावर आपोआप थांबेल. कोरड्यातही किंचाळत असेल आणि ब्रेक कमी लागत असेल, तर पॅडवर तेल गेलंय, बहुतेक चेनवर मारलेल्या स्प्रेचं. रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ फडक्यावर पुसा, पॅड काढून सँडपेपरवर हलके घासा. तेल मुरलेलं असेल तर पॅड बदलायचेच. पॅडचा मसाला अर्धा मिलिमीटर उरला असेल तरी बदलायचे, त्यानंतर धातू धातूवर घासतो आणि रोटरही जातो. नवे पॅड लावल्यावर मोकळ्या रस्त्यावर वेग घेऊन चालण्याच्या वेगापर्यंत आणायचं, पूर्ण न थांबता, असं वीसेक वेळा करा, मग ब्रेक लागतोही आणि गप्पही बसतो.

व्ही-ब्रेक आहेत, रिमवर खरखर येते.

ब्रेकरबर काढून बघा, त्यात रस्त्याची कच आणि रिमच्याच ॲल्युमिनियमचे चमकणारे कण रुतलेले असतात. पिनेने एकेक उकरून काढा आणि रबराचा वरचा तुकतुकीत थर सँडपेपरने घालवा. खरखर नसून कर्कश्श ओरडत असेल तर रबर बसवताना पुढची कड रिमला आधी टेकेल असा अगदी किंचित कोन द्या, मागच्या कडेखाली पोस्टकार्डाची घडी ठेवून आवळलं की जमतं. आणि रिमच्या ब्रेक लागणाऱ्या पट्ट्यावरून बोट फिरवा, तो आत खोलगट झाला असेल तर रिम झिजलीय, ती हवेच्या दाबाने फाटू शकते. अशी रिम दुरुस्त होत नाही, बदलायची.

पावसाळ्यानंतर सगळंच वाजायला लागतं. काय करू?

गाड्या धुण्याच्या सेंटरवर प्रेशरने धुऊ नका, निदान हबवर तरी फवारा मारू नका, ते पाणी सीलच्या आत जातं आणि ग्रीस धुऊन नेतं. बादली, फडकं, जुना टूथब्रश पुरे. मुंबई आणि कोकणातल्या लोकांनी खाऱ्या हवेमुळे निपल आणि क्विक रिलीजकडे जास्त लक्ष द्यावं, निपल गंजून स्पोकला धरलं की नंतर आऊट काढताना स्पोकच तुटतो. पावसाळ्याआधी प्रत्येक निपलच्या मुळाशी तेलाचा थेंब दिला की हे टळतं.

तेल कुठलं वापरू? घरात खोबरेल आहे.

खोबरेल नको. २४ अंशांच्या आसपास ते गोठायला लागतं, पुण्यात डिसेंबरच्या सकाळी ते चिकट होऊन बसतं आणि धूळ धरतं. स्पोकच्या क्रॉसिंगला शिलाई मशीनचं तेल चालेल. बेअरिंगला साधं लिथियम ग्रीस. गंज सोडवायचे जे स्प्रे मिळतात ते गंज सोडवायलाच वापरा, हबमध्ये मारले तर ते ग्रीस पातळ करून बाहेर काढतात, दोन दिवस शांतता आणि मग आधीपेक्षा जास्त घुरघुर.

आजोबांची काळी सायकल आहे, चालताना नुसती खडखडते.

तिथे चाकाच्या आधी मडगार्डच्या काड्या, चेनकव्हर आणि स्टँडची स्प्रिंग बघा, खडखड बहुतेक तिथलीच असते. बोल्टखाली नवीन वायसर टाका, चेनकव्हरच्या पट्ट्या आवळा. डायनॅमो टायरला कायम टेकलेला नाही ना तेही बघा. मग हब उघडून छर्रे बदला, या सायकलींचे सुटे भाग अजून मिळतात आणि स्वस्त असतात. अशा सायकली मनापासून दुरुस्त कराव्यात, नीट केलेली काळी सायकल अजिबात आवाज न करता चालते.

कुठल्या आवाजाला लगेच थांबायचं?

एकदम टण्ण झालं आणि पाठोपाठ चाक डुलायला लागलं, तर स्पोक तुटलाय, बहुतेक मागच्या चाकात चेनच्या बाजूला, हबपाशी जिथे स्पोक वाकलेला असतो तिथे. तुटका स्पोक शेजारच्याला गुंडाळा, रिम घासत असेल तर ब्रेक मोकळा करा आणि हळू जवळच्या दुकानापर्यंत जा. दर फेरीला कुरकुर आणि निपलभोवती रिमला बारीक चीर दिसत असेल तर त्या चाकावर घाट उतरू नका. टायरला फुगा आलाय आणि तो फ्रेमला फत् फत् लागतोय, तर हवा थोडी कमी करा, घरी चालत जा.

दुकानात नेल्यावर काय सांगू? तिथे गेलं की आवाजच येत नाही.

कारण तिथे तुम्ही सायकल ढकलत नेता, आवाज जोर लागल्यावर येतो. "करकर येते" एवढं सांगू नका. पुढून की मागून, पेडल मारताना की थांबवल्यावरही, बसून की उभं राहून, फेरीला एक की अधूनमधून, पाऊस किंवा धुणं झाल्यावर सुरू झाला का, चाक कधी काढलं होतं का, हे सांगा. मोबाइल फ्रेमला टेकवून चालताना रेकॉर्ड करा. मिस्त्रीला एक राउंड मारायला सांगा, चांगला मिस्त्री नाही म्हणत नाही. आणि काही बदलण्याआधी जुना भाग कुठे खराब झालाय ते दाखवायला सांगा, कोन असेल तर खड्डा, बेअरिंग असेल तर फिरवून खरखर, रिम असेल तर चीर, आणि बदललेला जुना भाग परत मागून घ्या.